अनुभव धागा : कुंडी बदलल्यावर तुमचं ऑर्किड कसं सावरलं?

मागच्या आठवड्यात ओळखीतल्या एका काकूंचा फोन आला. फॅलेनॉप्सिस ऑर्किडची कुंडी बदलून पंधरा दिवस झाले, पानं रोज थोडी जास्तच लोळतायत, काय करू? चार वर्षांपूर्वी हाच प्रश्न मी भेटेल त्याला विचारत होते. म्हणून हा धागा काढतेय. कुंडी बदलल्यावर तुमचं रोप कसं सावरलं, किती दिवस लागले, काय चुकलं, सगळं लिहा. जी रोपं जगली नाहीत त्यांच्याबद्दलही लिहा, त्याचाच जास्त उपयोग होतो.

सुरुवात मी करते. माझं रोप नर्सरीतून फुलांसकट आणलेलं. फुलं अडीच महिने टिकली. ती गळल्यावर कुंडीतून काढलं तर वरवर बार्क (झाडाच्या सालीचे तुकडे) दिसत होती आणि बरोब्बर मधोमध चहाच्या कपाएवढा मॉसचा (शेवाळाचा) घट्ट गोळा, पिळला तर पाणी निघेल इतका ओला. आतली मुळं तपकिरी झालेली. चिमटीत धरून ओढलं की साल निसटून हातात यायची आणि मागे नुसता दोरा उरायचा. चौदांपैकी पाच मुळं घट्ट होती, तेवढी ठेवली. बार्क आणि लाकडी कोळशात लावलं. आठवड्यात पानांना सुरकुत्या पडल्या. मला वाटलं, तहानलंय. रोज पाणी घालत गेले आणि उरलेल्यातली दोन मुळं घालवली.

फसायला होतं ते इथेच. पाणी कमी पडलं तरी पान सुरकुततं आणि मुळं कुजली तरी पान सुरकुततं, कारण दोन्ही वेळा पाणी पानापर्यंत पोचतच नाही. तेव्हापासून मी पानांवरून काही ठरवत नाही, मुळं बघते. मुळांवर स्पंजासारखं आवरण असतं. पाणी प्यायलं की ते हिरवं दिसतं, सुकलं की चंदेरी. चंदेरी झाल्याशिवाय पाणी नाही. म्हणून कुंडी पारदर्शक हवी. फुलाचा जुना दांडा कापून टाकला, खत बंद ठेवलं. अकराव्या आठवड्यात बुडाशी मुगाएवढं हिरवं टोक दिसलं! जुन्या पानांच्या सुरकुत्या शेवटपर्यंत गेल्या नाहीत. नवीन पान मात्र गुळगुळीत आलं.

डोंबिवलीहून

मी कुंडी बदलली जुलैमध्ये. पावसाळ्यात सगळंच रुजतं, मग हेही रुजेल असा हिशोब होता. आमची गॅलरी पश्चिमेची, पाऊस थेट आत येतो. डेंड्रोबियम नावाच्या दुसऱ्या ऑर्किडने तग धरला, फॅलेनॉप्सिस गेलं, आणि तेही मुळांमुळे नाही. पोंग्यात, म्हणजे पानांच्या मधल्या खोबणीत, पाणी साचून राहिलं. चौथ्या दिवशी मधलं कोवळं पान हलकेच ओढलं तर अलगद हातात आलं, बुडाशी काळं आणि बुळबुळीत. तिथून रोप परत येणं फार अवघड असतं, माझं आलं नाही. आता पाणी सकाळीच घालते आणि पोंग्यात थेंब राहिला तर टिश्यूपेपरच्या टोकाने टिपून घेते. पावसाळ्यात पंखाही लावते. हवा खेळती असली की निम्मी काळजी मिटते.

म्हापशाहून

आमच्याकडे बार्क विकत कोण आणणार, घरात नारळाची सोडणं पडलेली असतात. पण ती तशीच वापरू नका. तुकडे करून पाण्यात भिजत घालायचे आणि पाणी तपकिरी यायचं थांबेपर्यंत रोज बदलायचं. मी पहिल्या वेळी हे केलं नव्हतं आणि नवीन मुळांची टोकं काळी पडली. दुसरं म्हणजे सोडण पाणी धरून ठेवतं, म्हणून पावसाच्या चार महिन्यांत त्यात विटांचे तुकडे जास्त घालतो. वांडा ऑर्किडला तर काहीच घालत नाही. लाकडी टोपलीत मुळं लोंबती सोडून दिली आहेत, छान वाढतोय.

नाशिकहून

छोटीशीच गोष्ट, पण सांगते. कापलेल्या जागेवर दालचिनीची पूड लावतात, ती फक्त कापावरच लावा. मी सगळ्या मुळांना चोळली. पूड ओलावा शोषून घेते. चांगली मुळंसुद्धा सुकली.

न्यू जर्सीहून

माझ्या रोपाला एकही मूळ उरलं नव्हतं. जानेवारी होता, घरात हीटर, हवा इतकी कोरडी की हाताची त्वचा फुटत होती. मोठ्या पारदर्शक पिशवीत मूठभर ओलसर मॉस घातलं (पिळून घेतलेलं, थेंब पडता कामा नये), त्यावर रोप ठेवलं आणि पिशवीचं तोंड बांधलं. उजेड भरपूर, थेट ऊन अजिबात नाही. दर दोन-तीन दिवसांनी उघडून हवा द्यायचे. एक पान पिवळं पडून गळलं, तेव्हा फार वाईट वाटलं. मार्चअखेर दोन मुळं फुटली, ती बोटाच्या दोन पेरांएवढी झाल्यावरच कुंडीत लावलं. फूल यायला आणखी दोन वर्षं लागली.

रायगडहून

माझं ऑर्किड कुंडीतलं नाही, तरी लिहितो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमचा जुना आंबा पडला. त्याच्या फांदीवर सीतेची वेणी होती, अगदी फुललेली. लहानपणापासून तिला तिथेच बघत आलो होतो. आंब्यासाठी काहीच करता येत नव्हतं, निदान हिला तरी वाचवू म्हणून मुळं उपटली नाहीत, फांदीचा तेवढा तुकडा सालीसकट करवतीने कापला आणि काथ्याने फणसाच्या बुंध्याला बांधला. आधी जेवढी सावली होती तेवढीच मिळेल अशी बाजू बघून. त्या वर्षी पानं अर्धी झाली. दुसऱ्या पावसाळ्यात मुळं फणसाच्या सालीवर उतरली, तेव्हा काथ्या सोडला. तिसऱ्या वर्षी मे महिन्यात दोन वेण्या आल्या. आई काठी टेकत बघायला आली.

रानातल्या उभ्या झाडावरून मात्र कोणी काढू नका, पडलेल्या फांदीवरचीच उचला.

पुण्याहून (धागा काढणारी)

सगळं वाचलं. रायगडकर दादा, फणसाच्या बाजूचं लक्षात ठेवलंय.

काल काकूंकडे जाऊन आले. कुंडी पारदर्शक आहे, त्यामुळे आत बघता आलं. तीन मुळं घट्ट आहेत, पण आतून सगळीकडे वाफेचे थेंब धरलेले, म्हणजे पाणी जास्तच होतंय. परत उपटायचं नाही असं ठरवलं. खालची बशी काढली, कुंडी स्वयंपाकघराच्या पूर्वेच्या खिडकीत ठेवली आणि काकूंच्या हातात देऊन तिचं वजन बघायला सांगितलं. पिसासारखी हलकी लागली तरच पाणी. आज सकाळी त्यांचा फोन आला, अजून जडच आहे.