जाणीव मोजता येते, की फक्त मेंदूची हालचाल?

सुमेध: 'जाणीव मोजली' म्हणणाऱ्या दाव्यांवर माझा आक्षेप आहे. मेंदूला कवटीबाहेरून चुंबकीय धक्का द्यायचा, ईईजीत, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींच्या नोंदीत, उमटणाऱ्या पडसादांची गुंतागुंत आकड्यात मांडायची, ०.३१ च्या वर असेल तर जाणीव आहे. ही रेषा ठरली कशावरून? जे 'मी जागा होतो', 'स्वप्न पडलं' असं सांगू शकले, त्यांच्यावरून! ज्याला काही सांगताच येत नाही, त्याच्याबाबत हा अंदाजच.

गार्गी: असहमत. सुरुवातीचे तापमापकही हाताला लागणाऱ्या ऊन-गारव्यावरूनच पारखले गेले. पुढे त्यांनीच हाताची चूक दाखवली. २०२४ चा अभ्यास बघा. मेंदूला इजा झालेले, सूचनेला कसलाही प्रतिसाद न देणारे २४१ रुग्ण. 'हालचाल करताय अशी कल्पना करा' असं सांगितल्यावर ६० जणांच्या मेंदूने स्कॅनमध्ये किंवा ईईजीत प्रतिसाद दिला. चारातला एक! हा निव्वळ अंदाज?

सुमेध: त्या ६० जणांबद्दल वादच नाही. त्यांनी उत्तर दिलं, फक्त तोंडाऐवजी मेंदूने. माझा प्रश्न उरलेल्या १८१ जणांचा आहे. त्याच अभ्यासात खाटेवर उघड प्रतिसाद देणारे ११२ रुग्णही होते. त्यांतल्या फक्त ४३ जणांत हा संकेत सापडला. डोळ्यांदेखत सूचना पाळणारे ६९ जण चाचणीतून निसटले.

निखिल: सुमेध, सांगण्यावर तुमचा इतका भरवसा का? शस्त्रक्रियेत स्नायू शिथिल करणारं औषध देण्याआधी एका हाताला पट्टा आवळतात, म्हणजे औषध त्या हातात उतरत नाही. मग भूल दिलेल्या रुग्णाला 'हात दाबा' म्हटलं तर काही जण खरंच दाबतात. नंतर विचारलं तर बहुतेकांना काहीच आठवत नाही. आठवण नाही म्हणून त्या क्षणी जाणीवही नव्हती, हे मला पटत नाही.

गार्गी: म्हणूनच रुग्णाकडून काहीही न मागणारी चाचणी हवी, आणि चुंबकीय धक्क्याची चाचणी तशीच आहे. २०१६ मध्ये अत्यल्प जाणीव असलेल्या ३८ रुग्णांपैकी ३६ जण तिने ओळखले. पण ६९ चा मुद्दा मान्य: संकेत मिळाला नाही म्हणून कागदावर 'जाणीव नाही' असं कुणी लिहू नये.

सुमेध: ३६ हा आकडा मोठाच आहे. पण त्या ३८ जणांत जाणीव आहे हे आधी ठरवलं कुणी? खाटेशेजारी उभं राहून, त्यांचं वागणं बघूनच ना? निखिलचा मुद्दा मात्र मला अडवतोय. सांगणंही भरवशाचं नसेल, तर पुढची चाचणी आपण कशावर पारखणार आहोत?