नाव घातलेलं नाही म्हणून दारातूनच परत पाठवलं. असं करता येतं का?

बत्तिसावा आठवडा

नमस्कार. एरवी मी इथे नुसती वाचते, धागा काढायची पहिलीच वेळ. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

नवऱ्याची बदली झाली आणि ३१ आठवडे नुकते भरलेले असताना आम्ही नव्या शहरात आलो. सामान ट्रकने मागून यायचं होतं. माझी फाईल, म्हणजे सगळे रिपोर्ट, सोनोग्राफ्या, पहिल्या सिझरचं डिस्चार्ज कार्ड, मी स्वतःच्या हाताने एका खोक्यात ठेवली आणि वर मार्करने ‘महत्त्वाचे’ असं लिहिलं. ते खोकं ट्रकमध्ये गेलं.

तिसऱ्या रात्री एकच्या सुमाराला पोट कडक व्हायला लागलं. आधी वाटलं, खोट्या कळा असतील. पाणी प्यायले, डाव्या कुशीवर पडून राहिले. अडीच वाजेपर्यंत दर आठ-दहा मिनिटांनी पोट दगडासारखं होत होतं आणि कंबरेतून ओढ येत होती. माझं पहिलं बाळ पायाळू, त्यामुळे तारीख ठरवून सिझर झालेलं. खरी कळ कशी असते हे दुसरेपणीही मला ठाऊक नव्हतं.

नवऱ्याने फोनवर बघून जवळचं मोठं हॉस्पिटल शोधलं. काउंटरच्या काचेला बोलायला एक गोल भोक होतं, तेही आत बसलेल्या माणसाच्या तोंडासमोर. बाहेर उभ्या असलेल्या माणसाने वाकल्याशिवाय आत काही ऐकू जात नाही. तर एवढं पोट घेऊन मी वाकले आणि म्हणाले, “आम्ही इथे नवीन आहोत, नाव घातलेलं नाही, फाईल सामानात अडकलीय.” त्याने आत फोन लावला. मला इकडून ऐकू आलं ते एवढंच: “अनबुक्ड आहे… हो, जुनं सिझर… नाही, काहीच कागद नाही… बरं.” फोन ठेवून म्हणाला, “इथे होणार नाही. आधी जिथे दाखवत होता तिथे जा.” ते गाव एका रात्रीच्या प्रवासावर आहे म्हटलं, तर म्हणाला, “मग मोठ्या हॉस्पिटलला न्या.” मला वाटत होतं आपण मोठ्यातच आलोय.

तेवढ्यात एक कळ आली. मी काचेला तळहात टेकून उभी राहिले. तो माणूस माझ्या तोंडाकडे नाही, काचेवर उमटलेल्या हाताकडे बघत होता. (मी त्याच्यावर अन्यायही करत असेन. रात्रीचे तीन वाजले होते, तोही पेंगुळलेला असणार.) दारावरच्या वॉचमनने मात्र स्वतःची खुर्ची पुढे केली.

दुसरं हॉस्पिटल पाऊण तासावर निघालं. तिथल्या सिस्टरने नाव-गाव काही विचारायच्या आधी माझ्या पोटावर हात ठेवला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली. एक कळ येऊन पूर्ण सुटेपर्यंत हात काढला नाही. मग म्हणाली, “पस्तीस सेकंद.” मी तिथे हमसून रडले. रात्रभरात पहिल्यांदा कोणीतरी हात लावला होता.

लघवीत इन्फेक्शन निघालं, त्यानेच पिशवी आवळत होती. तोंड बंद होतं. सलाईन, अँटिबायोटिक, बाळाच्या फुप्फुसांसाठी चोवीस तासांच्या अंतराने दोन इंजेक्शनं, आणि तिसऱ्या दिवशी घरी. म्हणजे सगळं ठीक आहे.

‘नाही’ म्हणाले याचं मला तितकंसं काही वाटत नाही. बेड नसेल, डॉक्टर नसतील. पण न बघताच, फोनवरून? हे असंच चालतं का? आणि अजून आठ-नऊ आठवडे काढायचेत. परत अशी वेळ आली तर त्या भोकापाशी वाकून मी बोलायचं तरी काय?

---

रोखठोक

राग मानू नका, पण सातव्या-आठव्या महिन्यात प्रवास करताना फाईल ट्रकमध्ये? आम्ही साधं लाईटबिलसुद्धा जवळ बाळगतो. डॉक्टरांचीही बाजू असते. अनोळखी पेशंट, कागद नाहीत, उद्या काही झालं की नातेवाईक काचा फोडायला हजर.

---

बत्तिसावा आठवडा

फाईलची चूक माझीच, ती मी वर कबूल केलीये. पण ब्लड प्रेशर मोजायला फाईल लागत नाही हो. पट्टा लागतो.

---

लेबररूमची जुनी

एकतीस वर्षं लेबररूममध्ये काढली, आता घरी असते. दोन्ही बाजू सांगते गं तुला.

‘अनबुक्ड, जुनं सिझर, एकतीस आठवडे’ एवढं फोनवर ऐकलं की आतल्या माणसाच्या पोटात गोळा येतो, हे खरं आहे. का ते बघ. वार (प्लासेंटा) खाली आहे की वर, हे माहीत नसताना आतून तपासायला बोट घातलं आणि वार तोंडावरच असली, तर रक्ताची धार लागते. तुझ्या पोटावरचा टाका आडवा दिसेल, पण पिशवीवरचा आत कुठून घेतला ते फक्त ऑपरेशनच्या कागदावर असतं. पिशवीच्या वरच्या भागात उभा घेतलेला असेल तर पुढच्या वेळी कळा देऊन चालत नाही, टाका उसवायची भीती जास्त. रक्तगट निगेटिव्ह असेल तर त्याचं वेगळंच. आणि एकतीस आठवड्यांचं बाळ बाहेर आलं, तर ते ठेवणार कुठे? काचेची पेटी आणि ती चालवणारी माणसं नसतील तर त्या बाळाचे हाल. अशा वेळी बाळ आईच्या पोटात असतानाच योग्य जागी हलवलेलं बरं, बाहेर आल्यावर नळ्या लावून पळवण्यापेक्षा. म्हणजे पुढे पाठवणं ही कायम चूक नसते. कधीकधी तेच बरोबर असतं.

पण पाठवायची एक रीत आहे, आणि तुझ्या बाबतीत ती झाली नाही. आधी बाईला आत घ्यायची. नाडी, बीपी, पोटावर हात, बाळाचे ठोके, अंगावरून काही जातंय का. याला दहा मिनिटं लागतात, आणि यातलं काही करायला पिशवीत बोट घालावं लागत नाही. वार कुठे आहे माहीत नसेल तर सोनोग्राफीचा प्रोब पोटावर ठेवून बघतात. फुप्फुसांचं इंजेक्शन गरज वाटली तर तिथेच द्यायचं, कारण त्याचा पुरता उपयोग व्हायला चोवीस तास जावे लागतात, घड्याळ जितकं लवकर सुरू होईल तितकं चांगलं. मग पुढच्या हॉस्पिटलला फोन, तिथून ‘पाठवा’ असा होकार, काय बघितलं आणि काय दिलं याची चिठ्ठी, आणि सोबत आमच्यातलं कोणीतरी. फोन न करता ‘मोठ्याकडे न्या’ म्हणणं याला आमच्या मेट्रन रेफर करणं म्हणत नसत. त्या म्हणायच्या, “वाऱ्यावर सोडलं म्हणा, सरळ.”

बाळंतपणात बायका का दगावतात त्यावर १९९४ साली थॅडियस आणि मेन या दोघींनी तीन उशीर मांडले होते. घरातून निघायला उशीर, पोचायला उशीर, आणि पोचल्यावर उपचार मिळायला उशीर. ट्रेनिंगमध्ये आम्ही पहिल्या दोनांवर तास न् तास बोलायचो. तिसऱ्यावर आल्यावर सगळे घड्याळाकडे बघायला लागायचे, कारण तो उशीर आमच्याच दारात होतो.

आता भोकापाशी काय बोलायचं ते. ‘नवीन आहोत, नाव घातलेलं नाही’ या शब्दांनी सुरुवात करायची नाही. तुझं पहिलंच वाक्य रजिस्टरबद्दल होतं, मग त्यानेही रजिस्टरचंच उत्तर दिलं. असं म्हण: “एकतीस आठवडे, दुसरी खेप, आधीचं सिझर, एक वाजल्यापासून दर आठ मिनिटांनी कळा, पाणी गेलेलं नाही, रक्त नाही, बाळ हलतंय.” एका दमात. हे ऐकल्यावर आतल्या माणसाला फोनवर तेच सांगावं लागतं, आणि पलीकडच्या डॉक्टरला ऐकून न ऐकल्यासारखं करता येत नाही. तरीही नाहीच म्हणाले, तर नवऱ्याने शांतपणे म्हणायचं, “तपासून मग नाही म्हणा, आणि काय बघितलं ते लिहून द्या.” आवाज चढवायचा नाही. आवाज चढला की आतली माणसं स्वतःला वाचवायच्या मागे लागतात आणि पेशंट बाजूला राहतो. हे मी दोन्ही बाजूंनी पाहिलंय.

---

काजवे

माझंही लिहिते. छत्तीसावा आठवडा, एका लग्नासाठी परगावी गेले होते. डोकं फुटेल असं दुखत होतं, उजव्या बरगडीखाली कळ. तिथल्या एका नर्सिंग होमात सांगितलं की डोळ्यांपुढे काजवे चमकतायत. डेस्कवरची बाई हसून म्हणाली, “नववा महिना, काजवे चमकणारच.” तिला वाटलं मी आपली बोलायची पद्धत म्हणून बोलतेय. मला खरोखर चमकताना दिसत होते, नजरेच्या कडेला, पांढरे! ॲसिडिटीची गोळी लिहून दिली आणि आमच्याकडे तुमची नोंद नाही म्हणाली. पुढच्या ठिकाणी बीपी १७०/११०. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम लावलं आणि त्याच रात्री बाळ काढलं. दोघंही बरे आहोत. पण तेव्हापासून ‘काजवे’ हा शब्द मी तोंडातून काढत नाही, आयडी सोडला तर. डॉक्टरकडे सरळ सांगायचं: दिसायला अंधूक होतंय, पांढरे ठिपके दिसतायत, कधीपासून, कुठल्या डोळ्याने.

---

परदेशस्थ

मी जर्मनीत आहे. इथे पहिल्याच काही भेटींत एक पुस्तिका हातात देतात, ‘मुटरपास’. १९६१ पासून चालत आलीय. रक्तगट, सोनोग्राफीची मापं, प्रत्येक भेटीचं बीपी, वजन, सगळं त्यात, आणि ती बाईच्या पर्समध्ये असते, हॉस्पिटलच्या कपाटात नाही. सुरुवातीला कटकट वाटायची, भाजी आणायलाही घेऊन जा. जपानमध्ये माता-बालकाची अशी पुस्तिका १९४८ पासून आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१६ च्या शिफारशींत म्हटलंय की नोंदी बाईने स्वतःजवळ बाळगाव्यात. म्हणजे ‘रोखठोक’ यांचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही, फक्त सांगायची वेळ चुकली.

---

नोटीसपीरियड

वकील आहे, थोडक्यात लिहितो. जीव धोक्यात असलेल्या माणसाला आधी मदत करणं हे सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, असं भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सांगितलं. तो खटला अपघाताचा होता, तत्त्व मात्र तेवढ्यापुरतं नाही. अमेरिकेच्या तातडीच्या उपचारांबद्दलच्या १९८६ च्या कायद्याच्या तर नावातच ‘ॲक्टिव्ह लेबर’, म्हणजे सुरू झालेल्या कळा, आहे. तक्रार करायची असेल तर तारीख, वेळ, काउंटरवर काय बोलणं झालं ते आजच लिहून काढा. दोन महिन्यांनी तुम्हालाच आठवणार नाही की तीन वाजले होते की साडेतीन.

---

लेबररूमची जुनी

‘काजवे’ यांचं वाचून परत आले. बाई गं, उजव्या बरगडीखालचं दुखणं आणि डोकं, हे दोन एकत्र आले की बीपी न मोजता कोणी घरी पाठवूच नये.

आणि बत्तिसावा, एक राहिलं. फाईलमधला कुठला एकच कागद फोनमध्ये ठेवशील असं विचारलंस तर मी पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी म्हणेन. दिवस किती भरलेत ते तिच्यावरून सगळ्यात नेमकं कळतं. शेवटी शेवटी केलेल्या सोनोग्राफीत दोन-तीन आठवड्यांचा फरक सहज पडतो. आणि एकतीस की चौतीस यावर तर पुढचं सगळं ठरतं. दुसरा कागद ऑपरेशनचा. डिस्चार्ज कार्ड नव्हे, ऑपरेशनची नोंद. बहुतेक बायकांकडे ती नसतेच, मागून घ्यावी लागते.

---

बत्तिसावा आठवडा

सगळ्यांचे आभार. ‘रोखठोक’, तुमचेही, खरंच.

काल ट्रक आला. ‘महत्त्वाचे’ खोकं सगळ्यात तळाशी होतं. डिस्चार्ज कार्ड आहे, ऑपरेशनची नोंद नाही. आधीच्या हॉस्पिटलला फोन केला, ते शोधून मेल करतो म्हणाले.

नाव दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये घातलं. जाताना वाटेत पहिलं लागतं, तर नवऱ्याला म्हटलं, थांब जरा. दिवसा गेल्यावर त्याच काचेमागे एक मुलगी होती. तिने विचारल्याबरोबर सांगितलं की त्यांच्याकडे चौतीस आठवड्यांच्या आतल्या बाळांची सोय नाही, अशा केसेस ते दुसऱ्या हॉस्पिटलला फोन करून पाठवतात. “फोन करून?” मी विचारलं. “हो, आमची ॲम्ब्युलन्स जाते ना,” ती म्हणाली. मी पुढे काही बोलले नाही. तक्रार लिहायला घेतलीये, पहिलं पान झालं. तीन वाजून दहा मिनिटं, नवऱ्याच्या फोनवर रिक्षाच्या बुकिंगची वेळ सापडली.

नवीन डॉक्टरांनी रोज जेवणानंतर कुशीवर पडून बाळाच्या हालचाली मोजायला सांगितल्यात, दोन तासांत दहा तरी व्हायला हव्यात. हे लिहिता लिहिताच आठ झाल्या. थांबा… नऊ.