अ‍ॅक्रिलिक नखं चौथ्या दिवशी उचकटतात, काय चुकतंय?

साडेआठची_स्लो
नमस्कार मंडळी. राहायला भांडुप, ऑफिस लोअर परळ. मार्चपासून घरच्या घरी अ‍ॅक्रिलिक नखं लावायला शिकतेय. क्रॉफर्ड मार्केटातून सामान आणलं: पावडर, मोनोमर (पावडर ज्यात कालवतात ते लिक्विड), ५०० टिपांचा (नखाला जोडायच्या प्लास्टिकच्या नखांचा) डबा, ग्लू, ८ नंबरचा ब्रश. पण नख चौथ्या दिवशी क्युटिकलपाशी (नखाच्या मुळाशी असते त्या कातडीपाशी) उचकटतं आणि त्यात केस अडकतात. ब्रशवर घेतलेला पावडर-मोनोमरचा गोळा एकतर ओघळून कातडीवर जातो, नाहीतर रव्यासारखा भुरभुरीत होतो. डिसेंबरात मावसबहिणीचं लग्न आहे आणि "नखं हिच्याकडूनच" असं तिने सगळ्यांदेखत जाहीर करून टाकलंय. क्लास लावू का? एका ठिकाणी पैसे भरून फसलेय. तीन दिवसांतले दोन दिवस नुसतं नेलपेंट लावायला लावलं.

नखशिखांत
क्लास नंतर बघ. गिरगावात घरीच करते मी हे काम, सहा वर्षं झाली. क्युटिकलपाशी उचकटतंय म्हणजे बहुधा तयारी कमी पडतेय, पावडरीला दोष देऊ नकोस.

क्युटिकल मागे ढकललं तरी नखावर एक पातळ, पारदर्शक मेलेली कातडी चिकटून राहते. नख कोरडं असताना दिव्याखाली तिरपं धर, तेव्हा दिसेल. ती खरवडून काढ. मग १८० ग्रिटच्या (ग्रिट म्हणजे खरखरीतपणाचा आकडा) बफरने फक्त चकाकी जाईपर्यंत घास, नख पातळ करू नकोस. त्यावर डिहायड्रेटर (नख कोरडं करायला), मग प्राइमर (पकड यायला) अगदी टिपक्याएवढा, कातडीला न लावता. आणि त्यानंतर बोट कशालाही लावायचं नाही! माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुली प्राइमर झाला की हमखास फोन उचलतात. झालं, पुन्हा पहिल्यापासून.

आता गोळा. ब्रश मोनोमरमध्ये बुडवून वाटीच्या काठावर एक बाजू निपटून घे. नुसतं टोक पावडरीतून छोटी रेघ ओढल्यासारखं फिरव. उचललास की लगेच नखावर नेऊ नकोस, दोन अंक मोज. पावडर लिक्विड पिते तेवढ्यात. नीट जमलेला गोळा भिजलेल्या साबुदाण्यासारखा दिसतो: वरून ओलसर चकाकी, पण आकार धरून. नखावर ठेवल्यावर तो हळूहळू बसला पाहिजे. ठेवल्या ठेवल्या पाकासारखा पसरला तर लिक्विड जास्त. वर कोरडी पावडर दिसली तर कमी.

नखावर लावायच्या आधी प्लास्टिकच्या पिशवीवर असे पन्नास गोळे टाक. कंटाळवाणं आहे, पण माझा हात त्यानेच बसला.

नखावर तीन गोळे: पहिला टोकाकडे, दुसरा मधोमध, तिसरा सगळ्यात छोटा क्युटिकलकडे. क्युटिकलपासून मिलिमीटरभर जागा सोडायची. कातडीला चिकटलेलं अ‍ॅक्रिलिक उचलतंच. जाडी मधल्या गोळ्यात ठेवायची, ताण तिथेच येतो. नवशिक्या सगळं नख सारख्या जाडीचं करतात, म्हणून ते दारात अडकलं की मधून तुटतं.

आणि पंखा बंद कर. वाऱ्याने लिक्विड उडतं, गोळा हातातच सुकतो. आपल्याकडच्या मे महिन्यात तसंही भराभर आवळतं, तेव्हा गोळे लहान घे. उलट एसी फार गार असेल तर वर बर्फाच्या फुलांसारखे पांढरे खडे येतात.

मीठभाकर
एवढा खटाटोप कशाला? जेलच्या तयार टिपा लाव, जेल सुकवायच्या दिव्याखाली धर, झालं. मला त्या लांब नखांनी कणीकसुद्धा मळता येईना.

नखशिखांत
@मीठभाकर, लग्नापुरतं ठीक आहे गं, पण ती शिकायचं म्हणतेय. कणीक मळायची असेल तर लांबी कमी ठेवायची, एवढंच.

लॅबवाली_काकू
मोनोमरच्या बाटलीवर काय लिहिलंय ते आधी सांग. ईएमए म्हणजे इथाइल मेथाक्रायलेट हवं. सुट्या, लेबल नसलेल्या बाटलीत एमएमए, म्हणजे मिथाइल मेथाक्रायलेट असू शकतं. दातांच्या कवळ्या त्याच्या बनतात. नखावर ते इतकं कडक होतं की आपटलं तर ते तुटत नाही, खालचं खरं नख मुळातून सोलून निघतं. अमेरिकेच्या एफडीएने (तिथलं अन्न-औषध प्रशासन) १९७० च्या दशकात निव्वळ एमएमएच्या नखांच्या लिक्विडविरुद्ध कोर्टात धाव घेतली होती. ओळख म्हणजे भलताच उग्र वास, संशयास्पद स्वस्ताई आणि अ‍ॅसिटोनमध्ये लवकर न विरघळणं.

खिडकी उघडी ठेव, घासताना मास्क लाव.

साडेआठची_स्लो
काकू, बाटलीवर फक्त "नेल लिक्विड" लिहिलंय आणि एक गुलाबाचं चित्र आहे. वासाने शेजारच्या आजी दोनदा "गॅस लीक आहे का" विचारून गेल्या. आणखी एक, अंगठ्याच्या कडेला जरा खाज येतेय. चालेल ना?

लॅबवाली_काकू
अजिबात नाही. ती बाटली टाकून दे, पण मोरीत ओतू नकोस. सगळं आत्ता काढ: वरचा थर थोडा घासून, अ‍ॅसिटोनचा बोळा फॉइलने गुंडाळून २०-३० मिनिटं. ओरबाडायचं नाही. खाज पूर्ण जाईपर्यंत बंद, गेली नाही तर त्वचेच्या डॉक्टरांकडे. अ‍ॅक्रिलेटची अ‍ॅलर्जी एकदा बसली की सहसा जन्माची सोबत, पुढे दातात फिलिंग करतानाही अडचण येऊ शकते. न सुकलेलं लिक्विड कातडीला वारंवार लागल्यानेच ती बसते. म्हणजे तुझा तो ओघळणारा गोळा.

नखशिखांत
+१. आणि उचकटलेल्या नखावर ग्लू टाकून दाबू नकोस. आत पाणी साचून हिरवा डाग पडतो, तो जिवाणूंचा असतो. दर दोन-तीन आठवड्यांनी सुटलेला भाग घासून काढायचा आणि भरणी करायची, म्हणजे तिथे नवा थर द्यायचा.

साडेआठची_स्लो
पाच आठवड्यांनी अपडेट. डॉक्टरांना दाखवलं, मलम दिलं, खाज गेली. त्यांनी सध्या हात लावू नका म्हटलंय, म्हणून सराव प्लास्टिकच्या हातावर, हातमोजे घालून. ईएमए लिहिलेली बाटली आणली. पिशवीवर पन्नास नाही, एकशे बारा गोळे टाकले, मोजलेत! शेवटचे वीसेक साबुदाण्यासारखे आले. आईने पिशवी उचलून विचारलं, "हे काय, उपास आहे का आज?"

डाव्या हाताची करंगळी मात्र अजून वाकडीच होते. टीप शून्य नंबरची घ्यायची की नऊची?

नखशिखांत
नऊ. शून्य अंगठ्याची. डब्यात उलटं असतं, सगळेच फसतात.