फवारा लागल्यावर श्वास कावून अडकते? बिघाड फुप्फुसाचा का नसांचा?

धुऱ्यावरून

नमस्कार मंडळी. पऱ्हाटी (कपाशी) डोक्याबरोबर आली अन् वावरावावरात कीटकनाशकाचे फवारे सुरू आहेत. २०१७ च्या हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात जे झालं ते कोणी विसरलं नाही, शेकडो लोक दवाखान्यात होते, विसाच्या वर दगावले. म्हणून एक गोष्ट नीट समजून घ्यायची आहे.

औषध लागलेल्या माणसाच्या तोंडाला फेस येते, डोळ्याची बाहुली बारीक होते, दंडाचं मांस आपोआप फडफडते अन् शेवटी श्वास अडकते. नाकातून औषध गेलं म्हणून फुप्फुस बिघडलं म्हणावं, तर तोंडाला रुमाल बांधलेल्यालेही होतेच. दुसरं म्हणजे, माणूस दवाखान्यात एका दिवसात उठून बसते, बोलते, अन् दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याचा श्वास पुन्हा अडकते. हे कसं? अन् मिठाचं पाणी पाजून उलटी करवावी का नाही?

श्वासपटल

भाऊ, आधी चांगल्या माणसाचा श्वास कसा चालतो ते पाहू, मग बिघाड कुठं होतो ते आपोआप दिसेल.

फुप्फुसाला स्वतःहून हलायची ताकद नसते. त्याच्या खाली, छाती आणि पोटाच्या मधे, घुमटासारखा एक पातळ स्नायू आहे, श्वासपटल. तो आकसून खाली सरकला की छातीत जागा होते आणि हवा आत ओढली जाते. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला १२ ते १८ वेळा श्वास घेतो, दर खेपेला साधारण ५०० मिली हवा. त्यातली १५० मिली नळ्यांतच राहते, कामी येते ती उरलेली ३५०. म्हणून विषबाधेतला उथळ, भराभर श्वास फसवा असतो. छाती हलताना दिसते, पण नवी हवा वायुकोशांपर्यंत पोचतच नाही.

श्वासपटलाला हुकूम येतो तो मेंदूच्या देठातून, लंबमज्जेतून. हुकूम मज्जारज्जूत उतरतो, मानेच्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या पातळीवरून बाहेर पडतो आणि फ्रेनिक नसेतून खाली जातो. किती जोरात श्वास घ्यायचा हे लंबमज्जा मुख्यतः रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडवरून ठरवते. प्राणवायू कमी झाल्याची खबर मानेतल्या रोहिणीजवळचे संवेदक देतात.

आता मुद्द्याची जागा. नस स्नायूला चिकटलेली नसते, मधे अगदी बारीक फट असते. हुकूम आला की नसेच्या टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन त्या फटीत पडतं आणि स्नायू आकसतो. लगेच कोलिनेस्टरेज नावाचं विकर ते रसायन तोडून टाकतं, एकेक रेणू सेकंदाला हजारोंचा फडशा पाडतो. तेव्हाच स्नायू सैल होतो आणि पुढचा हुकूम घेऊ शकतो. ओलिताच्या भाषेत सांगायचं तर ॲसिटिलकोलीन म्हणजे दांडातून सोडलेलं पाणी आणि कोलिनेस्टरेज म्हणजे बारं बांधून ते पाणी थांबवणारा माणूस. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस, क्विनॉलफॉस ही ऑर्गेनोफॉस्फेट गटातली औषधं या माणसालाच बांधून ठेवतात. मग पाणी सुटतच राहतं.

हेच रसायन शरीरात ठिकठिकाणी वापरलं जात असल्यामुळे श्वास एकदम तिन्हीकडून मारला जातो. ग्रंथी थांबत नाहीत, म्हणून लाळ, घाम, डोळ्याला पाणी, आणि फुप्फुसाच्या नळ्यांत इतका पातळ स्राव की माणूस कोरड्या जमिनीवर आतल्या आत बुडतो. नळ्या आवळतात ते वेगळंच. स्नायू आधी फडफडतात, मग सततच्या हुकमानं थकून लुळे पडतात, त्यात श्वासपटलही आलं. आणि लंबमज्जेतलं श्वसनकेंद्र स्वतःच मंदावतं. म्हणजे फुप्फुस बिघडतं खरं, पण बिघाडाचं मूळ नसांच्या टोकाशी आहे.

एक जोडगोष्ट. मण्यार चावल्यावरही श्वास याच फटीपाशी थांबतो, पण उलट कारणानं, तिचं विष नसेच्या टोकातून रसायन सुटूच देत नाही. नागाचं विष स्नायूकडची जागा अडवून बसतं. म्हणून नागदंशात प्रतिविषासोबत निओस्टिग्मीन देतात. ते औषध मोजक्या मात्रेत कोलिनेस्टरेजलाच रोखतं, म्हणजे फवाऱ्याचं औषध जे बेफाम करतं ते हे थोडा वेळ करतं. बरोबर ग्रंथी आणि नळ्या आवरणारं ॲट्रोपीन द्यावं लागतं ते याचसाठी.

रात्रपाळी

वरच्यांनी मूळ छान उलगडलं आहे. मी उपचार आणि तिसऱ्या दिवसाबद्दल लिहिते, कारण नातेवाईक तिथंच चुकतात.

ॲट्रोपीन ग्रंथी, नळ्या आणि हृदयावर काम करतं. आपल्याकडच्या नेहमीच्या अँप्युलमध्ये ०.६ मिलीग्रॅम असतं. मोठ्या माणसाला सुरुवातच १.८ ते ३ मिलीग्रॅमची, म्हणजे तीन ते पाच अँप्युल, आणि पाच मिनिटांत फरक दिसला नाही तर मात्रा दुप्पट. छातीतली घरघर जाईपर्यंत, काख कोरडी होईपर्यंत आणि नाडी ८० च्या वर येईपर्यंत हे चालतं. इतकी इंजेक्शनं पाहून घरचे लोक घाबरतात, पण इथं कमी देणं जास्त घातक. मात्रा जास्त झाली तर रुग्ण तापतो, बरळतो, अंथरूण चाचपतो. असं दिसलं की लगेच सांगा.

पण ॲट्रोपीन स्नायूंच्या त्या फटीत चालत नाही. तिसऱ्या दिवसाचं उत्तर इथं आहे. विषबाधेनंतर साधारण २४ ते ९६ तासांत काही रुग्णांचे मान, खांदे आणि श्वासाचे स्नायू लुळे पडतात. लाळ नाही, फेस नाही, शुद्ध पक्की, म्हणून सगळे गाफील राहतात. पहिली खूण मानेची. रुग्णाला उताणं झोपवून उशीवरून डोकं उचलायला सांगा. उचलता आलं नाही किंवा उचलून धरता आलं नाही, तर त्याच क्षणी डॉक्टरांना बोलवा. दुसरी खूण, खोल श्वास घेऊन एका दमात मोठ्यानं आकडे मोजायला लावायचे. कालपर्यंत ३० पर्यंत जाणारा आज १५ ला अडला, तर श्वासपटल थकत चाललं आहे. अशा वेळी उपाय एकच, स्नायूंना ताकद येईपर्यंत व्हेंटिलेटर. काही दिवसांत, कधी दोन-तीन आठवड्यांत, ताकद परत येते. म्हणूनच "आता बरा आहे" म्हणून दुसऱ्या दिवशी सुट्टी मागू नका.

मिठाचं पाणी अजिबात नको. यात शुद्ध कधी हरपेल सांगता येत नाही, आणि उलटी श्वासनळीत गेली तर जो श्वास वाचवायचा तोच बंद होतो. दूध, ताक, निंबूपाणीही नको. डाव्या कुशीवर झोपवा, तोंडातला स्राव बोटाला कापड गुंडाळून पुसत राहा आणि १०८ ला फोन करा.

धुऱ्यावरून

ताई, दादा, लय चांगलं समजावलं. मग रुमाल बांधूनही होते, म्हणजे औषध कातडीतून जाते का? अन् तोच माणूस, तोच पंप, तेच औषध. काल काही झालं नाही, आज कावून होते?

लेबल वाचा

हो भाऊ, वावरात बहुतेक वेळा कातडीतूनच जातं. आणि सगळी कातडी सारखी नसते. पॅराथिऑन या कीटकनाशकावर झालेल्या जुन्या प्रयोगांत हाताच्या तुलनेत अंडकोषाच्या कातडीतून दहापटीहून जास्त औषध शोषलं गेलं होतं. काख आणि डोक्याची कातडीही अशीच कच्ची. आता पाठीवरचा पंप बघा. झाकणाचं वायसर झिजलेलं असलं की प्रत्येक पावलाला थोडं औषध पाठीवरून ओघळून कमरेत उतरतं. तिथला करदोडा ते पिऊन घेतो आणि दिवसभर कातडीला लावून धरतो. घाम आणि भादव्यातला उकाडा शोषण आणखी वाढवतात. उंच पऱ्हाटीत नोझल वर धरावं लागतं, मग तुषार तोंडावर येतो. भिजलेला रुमाल तर तेच औषध नाकाशी धरून ठेवतो.

म्हणून बाधा दिसली की आधी सगळे कपडे काढा, करदोडा कापून फेका, चपलाही काढा. साबण आणि भरपूर पाण्यानं डोक्यापासून धुवा. केस, कानामागं, नखं, काखा, जांघा, काही सोडू नका. धुणाऱ्यानं हातात रबरी मोजे घालावेत, नसतील तर प्लास्टिकच्या पिशव्या. भिजलेल्या कपड्यांसकट दवाखान्यात नेलं तर वाटभर विष शिरतच राहतं. मात्र धुण्यापायी गाडी थांबवून ठेवू नका.

"काल नाही, आज का" याचं उत्तर रक्तात आहे. या औषधानं निकामी झालेलं तांबड्या पेशीतलं कोलिनेस्टरेज नवीन पेशी तयार होतील तसंच भरून येतं, दिवसाला जेमतेम एक टक्का. पूर्ण भरायला तीन-चार महिने लागतात. रोजंदारीनं सलग फवारणारा मजूर रोज थोडं गमावतो. डोकेदुखी, मळमळ, अंधुक दिसणं ही त्याची आधीची खूण. अशा माणसाला दुसऱ्या कामाला लावा, पंप देऊ नका.

बाटलीवरचा लाल त्रिकोण म्हणजे अतितीव्र विष, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. पण डॉक्टरांना रंगापेक्षा घटकाचं नाव लागतं. नुसतं सायपरमेथ्रिन असेल तर ते नसांच्या सोडियमच्या दारांवर काम करतं, उपचार वेगळा. प्रोफेनोफॉस मिसळलेलं असेल तर वरचं सगळं लागू. पंपात दोन-तीन औषधं एकत्र केली असतील तर त्या सगळ्यांची नावं सांगा. बाटली आणि माहितीपत्रक प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोबत न्या. गडबडीत राहिलीच, तर घरी असलेल्याकडून लेबलचा फोटो मागवा, घटकाचं नाव आणि टक्केवारी वाचता येईल असा.