मदत हवी आहे : नाशिकमध्ये अख्खा, साफ न केलेला म्हाकूळ कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी. इंदिरानगरला आठवी-नववीच्या मुलांचा विज्ञान छंदवर्ग घेते. सध्या सगळी पोरं कोलोसल स्क्विडच्या मागे लागली आहेत. अंटार्क्टिकाभोवतीच्या थंड समुद्रातला हा महाकाय म्हाकूळ. 2007 मध्ये रॉस समुद्रात पकडलेला 495 किलोचा भरला! डोळा फुटबॉलपेक्षाही मोठा, सुमारे 27 सेंटिमीटर. आणि खोल समुद्रात जिवंत असताना त्याचं चित्रण झालं ते थेट मार्च 2025 मध्ये, तेही 30 सेंटिमीटरच्या पिल्लाचं. मला हे फार विलक्षण वाटतं.

याची पहिली ओळख पटली ती 1925 मध्ये, स्पर्म व्हेलच्या पोटात सापडलेल्या बाहूंच्या तुकड्यांवरून. व्हेलच्या पोटात याच्या चोचीही सापडतात, कारण त्या सहज पचत नाहीत. तशी चोच आणि आतलं पारदर्शक पातं मुलांना आपल्या साध्या म्हाकुळात दाखवायचं आहे. पण मला सगळीकडे साफ केलेल्या रिंगाच मिळतात. अख्खा ताजा माल कोणाकडे येतो? आधी सांगून ठेवावं लागतं का?

दुसरं म्हणजे, 500 किलोच्या या प्राण्याला दिवसाला जेमतेम 30 ग्रॅम अन्न पुरतं असा अंदाज आहे. थंडीमुळे चयापचय मंद, इथवर मुलांना पटलं. पण लहान स्क्विडच्या प्राणवायूच्या वापरावरून हा हिशेब कसा मांडतात, हे कोणी प्राणिशास्त्रवाले ऑनलाइन येऊन समजावतील का? वर्ग रविवारी सकाळी असतो.