मदत हवी आहे : एका परिषदेचा कडा ढासळतो, दुसरीची पुळण टिकते, मग खर्चाची वाटणी कोण ठरवते?

नमस्कार.

शेजारशेजारच्या स्थानिक परिषदा किनाऱ्याचे संरक्षण आणि किनारी गावांचे पुनरुज्जीवन एकत्र कसे करतात, या विषयावर एका अभ्यासगटासाठी मी टिपण लिहीत आहे आणि त्यासाठी इंग्लंडचा पूर्व किनारा उदाहरण म्हणून घेतला आहे. तांत्रिक बाजू बऱ्यापैकी समजली, पण पैशांच्या बाजूशी येऊन माझे काम अडले आहे. ब्रिटनमधील स्थानिक प्रशासनात, किनारी अभियांत्रिकीत किंवा सार्वजनिक वित्तव्यवहारात काम केलेल्या सभासदांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती. प्रश्न नेमका कळावा म्हणून पार्श्वभूमी थोडी विस्ताराने देतो.

१९४९ च्या किनारा संरक्षण कायद्याने धूप रोखण्याचे अधिकार तेथील किनारी डिस्ट्रिक्ट कौन्सिलांकडे (काउंटी, म्हणजे जिल्हापातळीच्या परिषदेखालच्या परिषदांकडे) आले आणि जेथे एकस्तरीय परिषदा आहेत, म्हणजे काउंटी व डिस्ट्रिक्ट अशा दोन स्तरांऐवजी एकच परिषद सर्व कामे पाहते, तेथे ते त्यांच्याकडे आहेत. हे अधिकार आहेत, कर्तव्य नाही. परिषद धूपप्रतिबंधक बंधारा बांधू शकते, पण तिने तो बांधलाच पाहिजे असे कायदा म्हणत नाही. २०१० च्या पूर व जल व्यवस्थापन कायद्याने संपूर्ण इंग्लंडच्या किनारी धोक्यांवर एकत्रित नजर ठेवण्याचे काम एन्व्हायर्नमेंट एजन्सी या सरकारी पर्यावरण संस्थेकडे सोपवले आणि सर्व संबंधित यंत्रणांवर परस्परांशी सहकार्य करण्याचे बंधन घातले. वाळूचे वहन परिषदांच्या हद्दींप्रमाणे होत नसल्यामुळे किनारा व्यवस्थापन आराखडे त्या वहनाच्या विभागांनुसार आखले जातात. त्यांत किनाऱ्याच्या प्रत्येक तुकड्यासाठी पुढील २०, ५० आणि १०० वर्षांचा विचार करून चारांपैकी एक धोरण ठरते: आहे ती रेषा राखणे, ती समुद्राकडे पुढे नेणे, नियोजनपूर्वक मागे सरणे, किंवा कोणताही हस्तक्षेप न करणे. हे आराखडे स्वतः कायद्याइतके बंधनकारक नसतात. प्रत्येक परिषद आपल्या सभागृहात ते स्वीकारते.

यांपैकी केलिंग ते लोस्टॉफ्ट नेस हा आराखडा मी बारकाईने वाचला, कारण तो नॉर्थ नॉरफोक, ग्रेट यारमथ आणि ईस्ट सफोक अशा तीन परिषदांच्या हद्दींतून जातो. नॉर्थ नॉरफोकचे कडे वाळू आणि हिमनद्यांनी आणून टाकलेल्या मातीचे आहेत. ते ढासळतात तेव्हा त्यांतील वाळू आग्नेयेकडे वाहत जाते आणि यारमथच्या दिशेच्या पुळणींना आधार देते. म्हणजे वाळू जेथून निघते त्या वरच्या गावांत कडा बंधाऱ्याने बांधून काढला, तर ती जेथे पोहोचते त्या खालच्या गावांची पुळण हळूहळू उपाशी राहते. आणि बांधला नाही, तर वरच्या गावांतली घरे जातात. हेझब्रो गावात नेमके हेच घडले. तेथील जुने लाकडी तटबंधन १९९० च्या दशकात वादळांनी मोडले, नवे बांधण्याचा खर्च हिशेबात बसला नाही आणि घरे एकामागून एक समुद्रात गेली. इंग्लंडमध्ये अशा घरमालकाला भरपाईचा हक्क नाही. घर पाडण्याच्या खर्चापोटी ६,००० पौंडांपर्यंतचे साहाय्य एवढीच नियमित तरतूद आहे. ही गोष्ट वाचून मला फार अस्वस्थ वाटले, कारण त्या कड्याची वाळू सार्वजनिक हिताची ठरते आणि तिची किंमत मात्र त्यावर राहणारी मोजकी कुटुंबे देतात.

माझा पहिला आणि मुख्य प्रश्न येथेच आहे. वरच्या परिषदेने कडा ढासळू दिल्यामुळे खालच्या परिषदेचा बंधाऱ्यांवरचा खर्च वाचत असेल, तर त्या बचतीतला काही भाग वरच्या गावांच्या पुनर्वसनासाठी दिला गेल्याचे एखादे उदाहरण आहे का? २०११ पासूनच्या भागीदारी निधी पद्धतीत सरकारी अनुदान मुख्यतः किती घरे आणि किती मालमत्ता वाचतात यावर ठरत आले आणि उरलेली रक्कम स्थानिक पातळीवर उभी करावी लागली. अशा हिशेबात, हद्दीपलीकडच्या पुळणीला मिळालेला लाभ मूळ योजनेच्या खात्यात धरतात का? बॅक्टन ते वॉलकॉट येथे २०१९ मध्ये सुमारे १८ लाख घनमीटर वाळू टाकण्यात आली. नॉर्थ नॉरफोक परिषदेने पुढाकार घेतला आणि खर्चाचा मोठा भाग बॅक्टनच्या गॅस टर्मिनलच्या चालकांनी उचलला. तेथे पैसे देऊ शकणारी कंपनी शेजारीच होती. जेथे नुसती शेती आणि थोडी घरे आहेत, तेथे ही वाट बंद आहे.

परिषदांचे विलीनीकरण केले की प्रश्न सुटेल, असे उत्तर सुचण्याची शक्यता आहे. मला ते पुरेसे वाटत नाही. यॉर्कशायरमधील होल्डरनेसचा किनारा वर्षाला सरासरी सुमारे दोन मीटर मागे जातो. मॅपलटन येथे १९९१ मध्ये दगडी बांध घालून गाव आणि रस्ता वाचवला, आणि त्याच्या दक्षिणेकडच्या शेतजमिनीची धूप वाढली. आज तो सगळा किनारा ईस्ट रायडिंग या एकाच परिषदेकडे आहे, तिजोरीही एकच आहे, तरीही जमीन गमावणाऱ्या शेतकऱ्याचा प्रश्न तसाच उभा आहे.

दुसरा प्रश्न सामायिक यंत्रणेच्या स्वरूपाचा. वर उल्लेखलेल्या पूर्वेकडील परिषदांनी (ईस्ट सफोकच्या जागी तेव्हा सफोक कोस्टल आणि वेव्हनी या दोन परिषदा होत्या) २०१६ मध्ये कोस्टल पार्टनरशिप ईस्ट नावाने अभियंते आणि अधिकारी यांचे एक समाईक पथक उभारले. दक्षिणेस पोर्ट्समथ, हॅवंट, गॉस्पोर्ट, फेअरहॅम आणि चिचेस्टर यांचे असेच पथक आहे. १९७२ च्या स्थानिक शासन कायद्याचे कलम ११३ एका परिषदेचे कर्मचारी दुसरीच्या सेवेत देऊ देते आणि कलम १०१ खाली निर्णयाधिकार संयुक्त समितीकडे सोपवता येतो. व्यवहारात यांपैकी पहिलाच मार्ग पुरेसा ठरतो का? तज्ज्ञ एकत्र आणि निर्णय वेगळे, अशा रचनेत एका सभागृहाने अप्रिय धोरण नाकारले तर पुढे काय होते, हे प्रत्यक्ष पाहिलेल्या कोणी सांगितले तर फार मदत होईल. यातच आणखी एक गुंता आहे: प्रादेशिक पूर व किनारा समित्या जी स्थानिक लेव्ही (परिषदांकडून घेतली जाणारी वर्गणी) गोळा करतात ती काउंटी आणि एकस्तरीय परिषदांकडून येते, तर धूप रोखण्याचा अधिकार दुस्तरीय भागांत डिस्ट्रिक्टकडे असतो. पैसे देणारा आणि काम करणारा वेगळा असल्याने वाटाघाटीत डिस्ट्रिक्टचे वजन कमी पडते का?

पुनरुज्जीवनाबद्दल थोडक्यात विचारतो. लोस्टॉफ्टला टाउन डील या सरकारच्या शहर-सुधारणा योजनेतून सुमारे अडीच कोटी पौंड मंजूर झाले, आणि त्याच गावातील भरती रोखणाऱ्या दरवाजाचे काम निधीअभावी २०२४ च्या सुरुवातीला थांबले. पूर अडवणाऱ्या भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या. गावाचा मध्यभाग सुधारण्याचा पैसा आणि त्याच मध्यभागाला पाण्यापासून वाचवण्याचा पैसा एकाच आराखड्यात बसवण्याचा प्रयत्न कोठे यशस्वी झाला आहे का?

शेवटचा प्रश्न तातडीचा आहे. डिसेंबर २०२४ च्या श्वेतपत्रिकेत दुस्तरीय परिषदांच्या जागी एकस्तरीय परिषदा आणण्याचे सरकारचे धोरण जाहीर झाले आणि नॉरफोक व सफोक या काउंट्या त्यात येतात. डिस्ट्रिक्ट संपल्यावर समाईक पथकांचे करार, राखीव निधी आणि ग्रेट यारमथ, नॉर्थ नॉरफोक, ईस्ट सफोक व ब्रॉड्स प्राधिकरण (तेथील ब्रॉड्स या पाणथळ प्रदेशाचे व्यवस्थापन पाहणारी संस्था) यांनी मिळून तयार केलेली किनारी नियोजनाची संयुक्त मार्गदर्शिका यांचे काय होते? पूर्वीच्या एखाद्या पुनर्रचनेत असे करार नव्या परिषदेकडे जसेच्या तसे गेले की पुन्हा करावे लागले, हे कळले तरी माझे टिपण पुढे सरकेल. सभेचे इतिवृत्त, निधीवाटपाचा तक्ता किंवा मूळ कराराचा मसुदा कोणाच्या पाहण्यात असेल, तर तो कोणत्या परिषदेचा आणि कोणत्या वर्षाचा, एवढे येथे लिहावे. शोधून वाचण्याचे काम मी करीन.