मदत हवी आहे: फ्रेंच आर्मान्याक विमानाच्या मॉडेलसाठी ड्रॉइंग आणि फोटो

नमस्कार मंडळी,

एसई-२०१० आर्मान्याकचं मॉडेल स्क्रॅचपासून बनवतोय, किट वगैरे काही नाही, आणि शेपटीपाशी येऊन अडलोय.

ज्यांनी हे विमान पाहिलं नसेल त्यांच्यासाठी, युद्धानंतर तुलूझला बनलेलं चार इंजिनांचं अवाढव्य धूड, पहिलं उड्डाण २ एप्रिल १९४९, पुढच्याच वर्षी जूनमध्ये प्रोटोटाइप पडला आणि सगळी मिळून बनली फक्त ९. अटलांटिकपार जाताना लोकांना झोपता यावं म्हणून आपल्या स्लीपर कोचसारखे एकावर एक तीन बर्थ बसतील एवढी उंच बॉडी ठेवली होती, आणि गणित तिथेच बिघडलं, कारण नुसत्या सीट लावल्या की डोक्यावरची सगळी जागा फुकट आणि वजन मात्र तेवढंच. एअर फ्रान्सने घेतलंच नाही, टीएआय या दुसऱ्या फ्रेंच विमान कंपनीने चालवून पाहिलं पण परवडेना. मग १९५३ पासून साजेता कंपनीने हीच विमानं तुलूझ ते सायगॉन, मध्ये बैरूत, कराची, कलकत्ता असे थांबे घेत फ्रेंच सैन्यासाठी वापरली आणि तिथे ती चांगली कामाला आली. मला विचाराल तर विमान वाईट नव्हतंच, त्याला काम चुकीचं दिलं होतं.

आता मॉडेलचं. बॉडीसाठी ६३ एमएमचा पीव्हीसी पाइप घेतलाय. मूळ बॉडी साधारण ४.७ मीटर व्यासाची, म्हणजे १/७५ स्केल धरला की पाइप अगदी चपखल बसतो आणि पंख टोकापासून टोकापर्यंत ६५ सेंमी होतात. नाक लाकडातून कोरून झालंय, पंखांना बाल्साचं हलकं लाकूड.

पण शेपटीकडे बॉडी नेमकी कुठून निमुळती व्हायला लागते ते साइड व्ह्यूवरून कळत नाही, जागोजागचे क्रॉस सेक्शन दाखवलेलं ड्रॉइंग कोणाकडे आहे का? दुसरं म्हणजे इंजिनांची कव्हरं. आत वास्प मेजर इंजिन, २८ सिलिंडर चार ओळींत, त्यामुळे कव्हर चांगलंच लांब, पण खालच्या बाजूचा क्लोजअप हवाय. कलकत्त्याच्या दमदम विमानतळावर उभ्या असलेल्या आर्मान्याकचा फोटो कोणाच्या घरच्या अल्बममध्ये असेल तर सोन्याहून पिवळं.

फ्रेंच येणाऱ्यांनी सर्चसाठी शब्द सुचवले तरी खूप मदत होईल. शेपटीसाठी पाइपला चिरा द्यायच्या आधी कळलं तर बरं, एकदा कापला की तो परत नीट जुळत नाही.